मुंबईतून वाचलेला रसेल

१९१८ साली ‘जर्नल ऑफ द इंडियन इकॉनॉमिक सोसायटी’मध्ये एक पुस्तक-परीक्षण छापून आले. पुस्तक बर्ट्रांड रसेलचे, ‘प्रिन्सिपल्स ऑफ सोशल रिकन्स्ट्रक्शन’. परीक्षक भीमराव रामजी आंबेडकर, वय सत्ताविशीच्या आसपास. सिडनहॅम कॉलेजातली प्राध्यापकी त्याच वर्षाच्या अखेरीस मिळायची होती आणि महाडचा सत्याग्रह अजून नऊ वर्षे दूर होता. आंबेडकरांवर लिहिणारे या परीक्षणाची बोळवण बहुधा एखाद्या वाक्यात करतात. विचारप्रधान पुस्तकाचे परीक्षण कसे असावे याचा नमुना कोणी मागितला, तर मी मात्र याच पानांकडे बोट दाखवीन. ती निर्दोष आहेत म्हणून नव्हे. त्यांतली एक जागा मला पटत नाही, तिच्याकडे पुढे येईनच.

आधी पुस्तकाविषयी. १९१६ च्या सुरुवातीला रसेलने लंडनमध्ये व्याख्याने दिली, त्यांचे हे पुस्तक. युरोपात खंदकांतले युद्ध चालू होते, इंग्लंडात सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा नुकताच झाला होता आणि रसेल उघड युद्धविरोधी होता. त्याच वर्षी केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजाने त्याला नोकरीवरून काढले. १९१८ मध्ये एका लेखापायी त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली. (ब्रिक्स्टनच्या तुरुंगात बसून या गृहस्थाने गणिताच्या तत्त्वज्ञानाची ओळख करून देणारे पुस्तक लिहिले. काही माणसांना कैद मानवते.) पुस्तकातले म्हणणे थोडक्यात असे: माणूस विचारपूर्वक ठरवलेल्या इच्छांपेक्षा आतून उसळणाऱ्या प्रेरणांनी अधिक चालतो. या प्रेरणांच्या दोन जाती. एक मिळवण्याची आणि मिळवलेले आपल्यापाशी राखण्याची, दुसरी नवे काही घडवण्याची. राज्यसंस्था, युद्ध आणि मालमत्ता ही पहिलीची रूपे. शिक्षण, विवाह आणि धर्म ही दुसरीची व्हायला हवीत, पण आज ती फारच अपुऱ्या प्रमाणात तशी आहेत. युद्ध संपवायचे तर माणसातली उसळी मारून भागणार नाही, तिला दुसरी वाट काढून द्यावी लागेल.

हे सगळे लंडनच्या एका सभागृहात, मुले आघाडीवर गेलेल्या माणसांसमोर बोलले गेले. तेच पुस्तक मुंबईत एका अर्थशास्त्राच्या पदवीधराच्या हाती पडते. युद्ध त्यालाही अगदीच दूरचे नव्हते. १९१७ साली आंबेडकर लंडनहून परतले तेव्हा वेगळ्या बोटीने पाठवलेली त्यांची पुस्तके पाणबुडीच्या हल्ल्यात समुद्रात गेली. मग बडोद्याची नोकरी. तिथे या पदवीधराला राहायला कोणी जागा देईना आणि नोकरी सोडून मुंबईला परतावे लागले. परीक्षणात यातले काही येत नाही. पण लेखकाच्या प्रत्येक विधानाला ते आतून एक प्रश्न विचारत राहते: हे इथे वाचले गेले की त्याचे काय होईल?

परीक्षकाची दोन ऋणे असतात असे मला वाटते. पहिले लेखकाचे. त्याचे म्हणणे त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडायचे, इतके की तो वाचून म्हणेल, हो, मला हेच म्हणायचे होते. या ऋणाबद्दल सगळेच बोलतात. दुसरे ऋण ज्या भूमीवर पुस्तक येऊन पडले तिचे, आणि त्याची आठवण फारशी कोणाला राहत नाही. कादंबरीच्या परीक्षणात ते टाळता येते. तत्त्वज्ञान, धर्म, राजकीय विचार यांच्या पुस्तकांत टाळता येत नाही, कारण विचार जागा बदलला की कामही बदलतो. लंडनमध्ये बंडखोर ठरलेले वाक्य पुण्यात पोहोचेपर्यंत जैसे थे राखण्याचे हत्यार होऊ शकते.

आंबेडकरांनी नेमका हाच धोका हेरला. युरोपातला एक मोठा तत्त्वज्ञ युद्धाचा धिक्कार करतो आहे, पश्चिमेची हाव आणि हपापलेपण यांवर कोरडे ओढतो आहे; हे वाचून इथल्या सुशिक्षित वाचकाला काय वाटेल? त्याला वाटेल की बघा, शेवटी तेही आमच्याच वाटेला आले. आमची निवृत्ती, आमची शांती, आमचे जगाकडे पाठ फिरवणे हेच खरे होते! त्या काळी हे वाटणे हवेत भरपूर होते, आणि आजही ते अधूनमधून पदव्या लावून हिंडताना दिसते. आंबेडकर वाचकाला तिथेच अडवतात. रसेल निष्क्रियतेचा पुरस्कर्ता नाही, हे ते त्याच्याच मांडणीतून दाखवून देतात. वाढीला हालचाल लागते, कृती लागते. रसेलचा आक्षेप कृतीला नसून तिने धरलेल्या विनाशक वळणाला आहे. इथे ते आपल्या गुरूला, कोलंबियाच्या जॉन ड्युईंना, मदतीला घेतात. बळ आणि हिंसा या एक गोष्टी नव्हेत. बळाशिवाय कोणतेही काम होत नाही, आणि बळ वाया जाते, उधळते, मोडतोड करते तेव्हा ते हिंसा होते. म्हणून हिंसेचा निषेध करताना बळाचाच निषेध करून बसू नये.

हा भेद अमेरिकेतल्या वर्गात शिकलेला होता, पण तो इथे वापरण्याची गरज इथली होती. ज्यांच्याकडे बळ आहे त्यांनी शांतीची थोरवी गायली तर त्यात त्यांचे काही जात नाही. ज्यांना उभे राहण्यासाठीच बळ हवे, त्यांना शांतीचे कौतुक महागात पडते. आंबेडकर हे अशा शब्दांत सांगत नाहीत. एका इंग्रज तत्त्वज्ञाच्या पुस्तकाविषयी, अर्थशास्त्राच्या नियतकालिकात, संयत भाषेत लिहीत आहोत ही मर्यादा ते पाळतात. पुढे ‘बुद्ध की कार्ल मार्क्स’ या निबंधात बळाचा आणि साध्य-साधनांचा हाच प्रश्न ते पुन्हा हाती घेतात, तेव्हा परीक्षकाचा झगा उतरलेला असतो आणि मुद्दा तोच असतो.

दुसरा भाग मालमत्तेचा, आणि माझ्या मते तो अधिक मोलाचा. पैशाच्या लोभाने माणसाचे आयुष्य आक्रसते, हे रसेलचे म्हणणे. यावर कोणाही सज्जनाने मान डोलावली असती. आंबेडकर विचारतात, पैशाचा लोभ म्हणजे कशाचा लोभ? पैसा कोणाला नुसता पैसा म्हणून नको असतो, तो कशासाठी तरी हवा असतो, आणि ते ‘कशासाठी’ काय आहे यावर त्या हव्यासाला मान द्यायचा की नावे ठेवायची हे ठरते. पुढे ते याहून धारदार गोष्ट सांगतात. माणसाच्या श्रमातून फारसे काही पिकतच नव्हते, सगळे जगच दारिद्र्यात होते, तेव्हा नीतिवाद्यांनी दारिद्र्याचा आणि त्यागाचा महिमा गायला. सुखे मिळण्यासारखी नव्हतीच, म्हणून ती त्याज्य ठरली. परिस्थिती बदलली तरी उपदेश मात्र तसाच चालू राहिला.

एका पुस्तक-परीक्षणाच्या पोटात हे वाक्य यावे याचे मला दर वेळी नवल वाटते. आपल्याकडे कीर्तनापासून शाळेच्या सुविचार फलकापर्यंत गरिबीतल्या समाधानाचे गोडवे गायले जातात. त्या गोडव्यांचा असा ऐतिहासिक हिशेब मांडणारा माणूस १९१८ साली विरळा होता. इथेही नजर रसेलच्या खांद्यावरून पलीकडे, इथल्या वाचकावर आहे. बत्तीस वर्षांनी, १९५० मध्ये, महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात आंबेडकरांनी बुद्ध आणि त्याच्या धर्माचे भवितव्य यावर लेख लिहिला. धर्माने कोणत्या कसोट्यांना उतरले पाहिजे हे सांगताना त्यांतली एक कसोटी त्यांनी अशी दिली की धर्माने दारिद्र्याला पावित्र्य देता कामा नये. रसेलच्या मालमत्तेच्या प्रकरणावर लिहिताना पडलेले बी असे धर्मचिंतनात उगवले. परीक्षण म्हणजे दुसऱ्याच्या पुस्तकाची सेवा, आपले खरे लेखन बाजूला ठेवून केलेले किरकोळ काम, असे मानणाऱ्यांनी हे बत्तीस वर्षांचे अंतर एकदा पाहावे.

आता न पटणारी जागा. रसेलचा मालमत्तेवरचा आक्षेप नीतिवाद्याचा नव्हता, निदान सगळा नव्हता. कारखान्यात राबणाऱ्याचे दिवस कशात जातात, आपल्या कामावर त्याचा स्वतःचा ताबा किती, हा त्याच्या प्रकरणाचा गाभा आहे, आणि म्हणूनच तो सहकारी पद्धतीकडे आणि कामगारांच्या स्वायत्ततेकडे वळतो. परीक्षणाचा जोर मात्र पैशाच्या लोभाच्या प्रश्नावर राहतो. आंबेडकरांना ज्या प्रतिपक्षाशी भांडायचे होते तो पक्ष रसेलच्या आडोशाला उभा होता, आणि काही ठिकाणी घाव रसेलला बसतो. दुसरे ऋण फेडताना पहिल्यातले थोडे थकले, असे म्हणता येईल. पण हा सौदा मी पत्करीन. याच्या उलट टोकाची परीक्षणे आपल्याकडे पोत्याने मिळतात: लेखकाच्या प्रत्येक प्रकरणाचा इमानदार गोषवारा, शेवटी मुद्रणदोषांची यादी, आणि परीक्षक कुठल्या गावात, कुठल्या काळात बसून लिहितो आहे याचा पत्ता नाही.

लेखकाचे ऋण पुरते बुडवले की काय होते, तेही मराठीत लख्ख पाहायला मिळते. जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ १८७३ ची. त्याच वर्षी सत्यशोधक समाज निघाला. पुढच्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ सुरू झाली. मराठी गद्याला कणा देणारा हा लेखक. त्याचा उपरोध आजही वाचताना हातातला चहा विसरायला लावतो. या लेखकाने जोतीरावांच्या लेखनावर आणि सत्यशोधकांवर जी टीका केली, तिचा मोठा भाग भाषेच्या आणि व्याकरणाच्या चेष्टेत खर्ची पडला आहे.

चिपळूणकरांकडे विचारण्यासारखे प्रश्न नव्हते असे नाही. ‘गुलामगिरी’त जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादातून दशावतारांच्या कथा इतिहास म्हणून उलगडल्या आहेत, बळीराजाचा पाडाव हा आक्रमकांनी केलेला पाडाव ठरतो. पुराणकथेतून इतिहास काढता येतो का? काढायचा तर कोणत्या रीतीने? अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीशी इथल्या शूद्रातिशूद्रांची सांगड घालून जोतीरावांनी पुस्तक तिथल्या सज्जनांना अर्पण केले. ही तुलना कुठवर टिकते? यातला एक प्रश्न जरी जॉन्सन आणि मेकॉले पचवलेल्या त्या बुद्धीने नेटाने विचारला असता, तर मराठीत वैचारिक परीक्षणाची परंपरा निराळ्या पायावर उभी राहिली असती. त्याऐवजी, ज्याला लिहिता येत नाही त्याच्या म्हणण्याला उत्तर देण्याची गरज नाही, असा एक रिवाज पडला. तो विष्णुशास्त्र्यांबरोबर १८८२ मध्ये संपला नाही. दलित आत्मकथने येऊ लागली तेव्हाही भाषेच्या शुद्धतेची चौकशी आधी झाली आणि आशयाची मागाहून.

या रिवाजाच्या शेजारी दुसरा एक रिवाज नांदतो, प्रस्तावनेचा. मराठीत वैचारिक पुस्तकाची खरी झडती पुष्कळदा परीक्षणात होत नाही, प्रस्तावनेत होते. बाकी मासिकांत ‘साभार पोच’. नांदेडच्या नरहर कुरुंदकरांच्या प्रस्तावना लोक पुस्तकाइतक्याच वाचतात. रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ला असलेली त्यांची प्रस्तावना म्हणजे देसाईंना लिहिलेले दीर्घ पत्र आहे, त्यात शिवचरित्राची जी चिकित्सा आहे ती कादंबरीच्या भावविश्वाशी सर्वत्र जुळतेच असे नाही, आणि ती कादंबरीच्या दारातच उभी आहे. हे थोर उदाहरण झाले. एरवी प्रस्तावना हा आहेरच असतो, आणि आहेर परत करायचा नसतो. प्रकाशन समारंभातली भाषणे हा त्याचाच ध्वनिक्षेपकावरचा अवतार. या भिडेबाहेर राहून वसंत दावतरांनी १९६२ पासून निव्वळ ग्रंथपरीक्षणाला वाहिलेले ‘आलोचना’ चालवले, आणि वाईच्या ‘नवभारत’ने धर्म, तत्त्वज्ञान, राजकारण यांवरच्या पुस्तकांना पानेच्या पाने दिली. ‘नवभारत’मागची मंडळीच तशी होती. लक्ष्मणशास्त्री जोशी वेदान्त शिकून मानवेंद्रनाथ रॉय यांचे अनुयायी झालेले; मे. पुं. रेगे विश्लेषक तत्त्वज्ञ असून श्रद्धेच्या प्रश्नाला हसण्यावारी न नेणारे. आत जाऊन बाहेर आलेला, किंवा बाहेर राहूनही दार न लावणारा, असाच माणूस धर्मावरचे पुस्तक नीट वाचू शकतो.

कारण धर्मग्रंथाचे किंवा धर्मचिकित्सेचे परीक्षण करताना मुळात कसोटीच वादात असते. मालमत्तेवरच्या पुस्तकात आकडे आणि अनुभव यांच्यापाशी जाऊन वाद तोडता येतो. धर्म काय आहे हे कोणाकडे पाहून ठरवायचे? त्याच्या पोथीकडे, त्याच्या संतांकडे, की त्याच्या गावकुसाकडे?

हा प्रश्न आपल्याकडे सर्वांत तीव्रपणे उभा राहिला तोही एका परीक्षणातच. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने आंबेडकरांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावले, मजकूर पाहून परिषद रद्द केली, आणि आंबेडकरांनी १९३६ च्या मे महिन्यात ते भाषण स्वखर्चाने पंधराशे प्रतींत छापले. तेच ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’. जुलैमध्ये गांधींनी ‘हरिजन’मध्ये त्यावर लिहिले. परीक्षण म्हणून ते चमत्कारिक आहे. कोणत्याही सुधारकाला या भाषणाकडे दुर्लक्ष करता येणार नाही, असे ते मोकळेपणाने सांगतात. पुस्तकाची किंमत आठ आणे आहे ती दोन आणे, निदान चार आणे करावी, अशीही सूचना करतात. मला ही सूचना फार आवडते. पुस्तक कोणाच्या हातात जायला हवे याचा विचार तिच्यात आहे. मग मुख्य मुद्दा येतो. आंबेडकरांनी संशयास्पद प्रामाण्याची वचने निवडली, आणि धर्म त्याच्या वाईट नमुन्यांवरून न जोखता उत्तमांवरून जोखावा. चैतन्य, ज्ञानदेव, तुकाराम, तिरुवल्लुवर, रामकृष्ण परमहंस, राममोहन रॉय, देवेंद्रनाथ ठाकूर, विवेकानंद, अशी नावे ते घेतात. ज्या धर्मात ही माणसे झाली तो इतका टाकाऊ कसा असेल?

कसोटी म्हणून ही हसण्यासारखी नाही. काव्यप्रकाराचे मोल आपण त्यातल्या रद्दी कवितांवरून करत नाही. विचारसरणीच्या समर्थकांना तिची उत्तम फळे दाखवण्याचा हक्क असतो. पण आंबेडकरांचे उत्तर या कसोटीला नाकारत नाही, पुढे ढकलते. उत्तमांवरून जोखा, मान्य; पण उत्तम इतके थोडे आणि वाईट इतके पुष्कळ का, हा प्रश्न तरीही उरतो. आणि संतांचे म्हणाल तर ते माणूस आणि देव यांच्यातल्या समतेविषयी बोलले, माणसामाणसांतल्या समतेविषयी नव्हे; शिवाय लोकांना शिकवले गेले ते हे की संताने जात मोडली तर चालते, सामान्याने मोडू नये. इथे ते एकनाथांचा दाखला काढतात. ‘प्रभात’चा ‘धर्मात्मा’ १९३५ मध्ये पडद्यावर आला होता. त्यात बालगंधर्व एकनाथ झाले होते, आणि नाथांनी अस्पृश्यांना जवळ केल्याचे प्रसंग प्रेक्षक डोळे पुसत पाहत होते. आंबेडकर एकनाथी भागवताचा आधार देऊन म्हणतात, नाथांचे ते धैर्य जातिविरोधातून आलेले नव्हते, झालेला विटाळ गंगास्नानाने जातो या विश्वासातून आलेले होते. नाथांवर हा निवाडा कठोर आहे, माझ्या मते गरजेपेक्षा कठोर. एका ओवीवरून एका आयुष्याचा हेतू ठरवणे म्हणजे गांधींनी आंबेडकरांवर घेतलेल्या आक्षेपाला आयते निमित्त देणे. तरी धर्माचे परीक्षण कुठवर पोहोचू शकते हे इथे दिसते. पोथीतली ओवी, चित्रपटगृहातले अश्रू आणि गावातला पाणवठा, तिन्ही एकाच परिच्छेदात साक्षीला उभी आहेत.

आणखी एक तपशील. पंधराशे प्रतींची पहिली आवृत्ती दोन महिन्यांत संपली. १९३७ मध्ये दुसरी काढताना आंबेडकरांनी गांधींचे परीक्षण आपल्याच पुस्तकाच्या शेवटी छापले आणि त्याच्या पाठोपाठ आपले उत्तर. अवतरणे तोडून, सोयीचे तेवढे घेऊन उत्तर देण्याची मुभा त्यांना होती. त्यांनी वाचकाच्या हातात दोन्ही बाजू एकाच बांधणीत दिल्या. १९४४ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्यांनी १९१६ सालचा कोलंबियातला ‘कास्ट्स इन इंडिया’ हा आपला निबंधही जोडला. गांधींचा आक्षेप त्या आवृत्तीतही आहे.